श्रेयाचं ठरलं

“शेवटी निर्णय तुमचा,” असं डॉक्टर मनस्विनी म्हणाली आणि समोर बसलेली बाई हसली.

नुसती ओठांच्या कोपऱ्यातून नव्हे. आधी नाकातून एक फुस्स झालं, मग खांदे हलायला लागले, आणि तोंडाला ओढणी लावायचं तिला सुचेपर्यंत ते हसू खोलीभर होऊन गेलं. शेजारी बसलेली तिची मावशी, गोजरबाई, कशाला ते न कळताच तिच्यासोबत हसायला लागली. मनस्विनीचा हात टेबलावरच्या प्लास्टिकच्या नमुन्यावर तसाच राहिला. मधे गर्भाशय, दोन बाजूंना नळ्या, नळ्यांच्या टोकाला बदामाएवढी दोन अंडाशयं. इतक्या वर्षांत त्या खुर्चीत बायका रडल्या होत्या, भिंतीकडे बघत बसल्या होत्या, एकदोघी घेरी येऊन कलंडल्या होत्या. हसलं कुणी नव्हतं. आणि हसण्यासारखं बोलणंही झालं नव्हतं. श्रेयाची आई भागूबाई काही वर्षांपूर्वी अंडाशयाच्या कॅन्सरनं गेली. मग मावशीला स्तनाचा झाला. ती त्यातून उठली, पण तिच्या रक्ताच्या तपासणीत घराण्यातून चालत आलेला एक दोष सापडला, आणि श्रेयाचं रक्त तपासलं तेव्हा त्यातही तोच निघाला. बजाजनगरात राहणारी, वाळूजच्या कारखान्यात रबरी सील तपासायच्या कामावर जाणारी, चौतिशीतली, एका मुलीची आई, आजघडीला ठणठणीत. तिला मनस्विनी मघापासून सांगत होती की एरवी शंभरात एखादीला होणारा हा आजार तुमच्यासारख्या शंभरजणींत चाळीसेकींना होतो, सोनोग्राफी आणि रक्त तपासून तो वेळेत सापडेल याची खात्री देता येत नाही, आणि म्हणून पस्तिशी-चाळिशीच्या दरम्यान, मुलंबाळं झाली की, अंडाशयं आणि नळ्या आधीच काढून टाकणं हा त्यातल्या त्यात भरवशाचा उपाय. श्रेयानं ते सगळं हातांची घडी घालून, वर्गात बसल्यासारखं ऐकून घेतलं होतं. तिचा नवरा विश्वजीत आधीच्या खेपेला येऊन “काढून टाका म्याडम, उशीर नको” असं सांगून गेला होता. तसं पाहिलं तर तारीख ठरवायचीच काय ती बाकी होती.

“काय झालं?” मनस्विनीनं विचारलं.

“काय नाय म्याडम,” श्रेया डोळे पुसत म्हणाली. “माजा निर्णय म्हणलात ना, ते ऐकून कसंतरीच झालं. हसू आलं.”

पुढच्या आठवड्यात विश्वजीतला घेऊन येते म्हणाली आणि गेली. जाताना दारात पुन्हा एकदा तिचे खांदे हलले, आणि बाहेरच्या बाकावरच्या बायका माना वळवून बघायला लागल्या.

दुपारभर ते हसू मनस्विनीच्या कानात राहिलं. तिला राग आला नव्हता. राग आला असता तर बरं, तो जेवणापर्यंत उतरला असता. तिला आपण कुठंतरी पकडले गेल्यासारखं वाटत होतं. ते वाक्य तिचं होतं. तिच्या अभिमानाचं होतं. या शहरात, आसपासच्या तालुक्यांत, तिशीच्या बाईला “पिशवी खराब झालीय, उद्या कॅन्सर होईल” असं दोन मिनिटांत सांगून टेबलावर घेणारे दवाखाने तिला माहीत होते, आणि आपण त्यांतल्या नाही हे ती रोज त्या एका वाक्यानं स्वतःला सांगत आली होती. आता तिनं ते मनात म्हणून पाहिलं. निर्णय तुमचा. हात धुण्याची सवय असते तशी त्या वाक्याची सवय होती. पेशंट तपासून झाला की नळाखाली हात, बोलणं संपलं की हे वाक्य. आणि हात धुतल्यावर ते कोरडे करून आपण पुढच्या बाईकडे वळतो, तसंच ते म्हटल्यावरही वळतो की काय? निर्णय तिच्या ओंजळीत टाकून आपण मोकळ्या. तिच्या ओंजळीत आजवर कुणी काही टाकलं होतं का, ती ओंजळ धरायची कशी हे तिला ठाऊक होतं का, हे कुठं विचारलं आपण? संध्याकाळी गाडी घेऊन निघाली तेव्हा जालना रोडवर अजून धग होती. नव्या पुलाचा कठडा उन्हानं पांढरा पडला होता, आणि पलीकडे सातारा परिसराच्या दिशेनं उंच इमारतींचे सांगाडे उभे होते. गेली दोन वर्षं पाऊस नाही, जायकवाडीचा तळ दिसतोय, पेपरात रोज भेगाळलेल्या जमिनीचा फोटो येतोय, आणि हे शहर मात्र वाढत्या वयाच्या पोरासारखं कपड्यांतून बाहेर पडत चाललंय. सिग्नलला थांबल्यावर तिला स्वतःच्या घामाचा वास आला आणि एकदम, काही कारण नसताना, शहाऐंशी सालचा उन्हाळा आठवला.

काही कारण नसताना असं ती स्वतःला म्हणाली, पण कारण होतं. तोही दुष्काळाचाच उन्हाळा होता. चौदा वर्षांची मनस्विनी ओट्याशी उभी राहून ताटं पुसत होती, आणि बाबा, श्रीधरपंत, जिल्हा परिषदेतून आले ते चप्पल न काढताच आजीला सांगायला लागले की डॉक्टरांनी बोलावून घेतलं होतं, भानुमतीची पिशवी काढावी लागणार, दोन्ही बाजूची अंडाशयंही काढतील, पुढं धोका नको, मी हो सांगून आलोय. मी हो सांगून आलोय. आई तेव्हा तिथंच, हातभर अंतरावर, कोथिंबीर निवडत होती. तिनं मान वर केली नाही. एक काडी मोडली, पानं वेगळी केली, दुसरी काडी घेतली. ते दृश्य मनस्विनीनं इतकी वर्षं सांभाळलं होतं. मेडिकलला गेली ती त्या दृश्याच्या बळावर. बायकांचीच डॉक्टर झाली तीही त्यामुळंच. मुलाखतीत कुणी विचारलं तर ती वेगळं काहीतरी सांगे, पण आतलं खरं कारण ते होतं, की एका बाईच्या पोटातून काय काढायचं ते दोन पुरुषांनी ठरवलं आणि ती बाई कोथिंबीर निवडत राहिली. बाबांना त्यासाठी तिनं मनोमन कधीच पुरतं माफ केलं नाही. ते गेले तेव्हा रडली, खूप रडली, पण त्या रडण्यातही ती एक काडी मोडल्याचा आवाज होता.

घरी आली तर आई गॅलरीत बसून वाळ्याच्या जुड्या बांधत होती. सत्तरी उलटली तरी भानुमतीबाईंना वाळा शहागंजातूनच लागायचा. सकाळी रिक्षा करून त्या स्वतः गेल्या होत्या, दुकानदाराशी त्याच्या हिंदीत आणि आपल्या मराठीत हुज्जत घालून आल्या होत्या, आणि ती हकीकत लेकीला सांगायला उत्सुक होत्या. मनस्विनीनं ती ऐकली. ओल्या वाळ्याचा वास गॅलरीत भरला होता. मग ती आईशेजारी जमिनीवर बसली, आणि आजवर जे कधी विचारलं नव्हतं ते तिनं विचारलं, की तुझं ऑपरेशन झालं त्या वेळी तुला कुणी काही विचारलं होतं का.

भानुमतीबाईंनी दोऱ्याची गाठ दातांनी आवळली. “मला कोण विचारणार? मीच तर ठरवलं होतं.”

मनस्विनीला वाटलं, आई विसरलीय. तिनं आठवण करून दिली, बाबा येऊन काय म्हणाले, आजी काय म्हणाली. आई ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू, लपवलेला लाडू सापडल्यासारखं काहीतरी पसरत चाललं होतं. मग तिनं सांगितलं. महिन्यातले पंधरा दिवस अंगावरून जायचं, उभं राहवायचं नाही. शेवटी भाजीला जाते म्हणून ती एकटीच डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तपासलं, गाठी आहेत म्हणाले, गोळ्या देऊन बघू किंवा काढून टाकू. तिनं तिथल्या तिथं सांगितलं, काढा. पण घरी मी सांगितलं तर सासूबाई म्हणतील हे नसते लाड. तेव्हा तुम्ही असं करा, ह्यांना बोलवा आणि काढावंच लागेल असं जरा दटावून सांगा.

“डॉक्टर भला माणूस. त्यानं इतकं दटावलं की हे घाबरून हो म्हणून आले. जन्मभर समजत होते की आपणच ठरवलं.” भानुमतीबाई हसल्या. “मी कोथिंबीर निवडत होते ती हसू येऊ नये म्हणून.”

 मनस्विनीच्या आत कुठंतरी एक जुनं, जड कपाट सरकवल्यासारखा आवाज झाला, आणि ते कपाट होतं तिथली जागा रिकामी, स्वच्छ, जराशी परकी दिसायला लागली. तीस वर्षं आपण आईच्या वतीनं रुसून बसलो होतो, आणि आई मात्र खुशाल जिंकून बसली होती. तिला बाबांचा चेहरा आठवला, चप्पल न काढता बोलणारा, घाबरलेला. तिनं तो हुकूम देणारा म्हणून पाहिला होता आणि तो निव्वळ घाबरलेला माणूस होता. तिला एकदम त्यांना हाक मारावीशी वाटली. मग तीही हसायला लागली, आणि दोघी मायलेकी वाळ्याच्या पसाऱ्यात बसून इतका वेळ हसत राहिल्या की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर पाहिलं.

हसणं ओसरल्यावर भानुमतीबाई म्हणाल्या, “एकच राहिलं बघ. नंतरची ती आग मला कुणी सांगितली नव्हती.”

हे मात्र मनस्विनीला आठवत होतं. त्या उन्हाळ्यात घरात पाण्याचा थेंब न् थेंब जपायचे, आणि आई भरदुपारी न्हाणीघरात जाऊन पंचा भिजवायची, गळ्याभोवती गुंडाळायची, आणि दार लावून बसायची. आजी ओरडायची. मनस्विनीही एकदा बोलली होती, आई, पाणी काय असं वाया घालवतेस. तेव्हा तिला वाटलं होतं की आईला ऊन सोसत नाही. पुढं शिकल्यावर कधीतरी तिनं ते समजून घ्यायला हवं होतं, पण पुस्तकातली बाई वेगळी आणि न्हाणीघरातली आई वेगळी, दोघींची गाठ तिनं कधी घालून दिलीच नव्हती. अंडाशयं काढली की त्यांतून पाझरणारं सगळं एकदम थांबतं, पन्नाशीत यायचं ते बेचाळिसाव्या वर्षीच येतं, छातीपासून कानांपर्यंत लाट चढते, झोप उडते, जीव घाबरा होतो. भानुमतीबाई सांगत होत्या की त्यांना वाटायचं आपल्याला वेड लागतंय. चुलीत काहीतरी राहून गेलंय, ते आतून जळतंय. दोन वर्षं कुणाला बोलल्या नाहीत. “काढायला मी तरीही काढलंच असतं. फार सुख लागलं मला नंतर, खोटं कशाला बोलू. पण अशी आग होईल आणि ती जाईल, एवढं जरी कुणी सांगितलं असतं ना, तर ती दोन वर्षं मी भिऊन काढली नसती. पाहुणा येणार हे माहीत असलं की माणूस दचकत नाही.”

पुढच्या आठवड्यात श्रेया आली तेव्हा सोबत विश्वजीत होता आणि गोजरबाईही होत्या. खुलताबादच्या डोंगराकडच्या खेड्यातून त्या भाचीसाठी एसटीनं यायच्या, पिशवीत सीताफळं नाहीतर बाजरीचं पीठ असायचं; यंदा काहीच पिकलं नाही म्हणून रिकाम्या हातानं आल्याबद्दल त्यांनी आल्या-आल्या माफी मागितली. मनस्विनीनं टेबलामागची आपली खुर्ची सोडली आणि त्यांच्या बाजूला स्टूल ओढून बसली. काय बोलायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. तिनं श्रेयाला एवढंच म्हटलं की मागच्या वेळी मीच बोलले, आज तुम्ही मला सांगा, तुम्हाला काय समजलं.

श्रेयानं नवऱ्याकडे पाहिलं, मग मावशीकडे. मग नमुना हातात घेतला आणि सांगायला लागली. अडखळत, पण बरंचसं बरोबर. एका ठिकाणी चुकली. पिशवी काढायची असं म्हणाली. तिच्या माहेरच्या गल्लीत सगळ्यांची पिशवीच काढलेली होती, म्हणून ऑपरेशन म्हणजे पिशवी. मनस्विनीनं सांगितलं की तुमच्या पिशवीला काही झालेलं नाही, ती राहू दे. काढायचं ते हे, आणि हे. मग तिनं आईची गोष्ट सांगितली, नाव न घेता, भिजवलेल्या पंचाची. लाट कशी येते, किती वेळ राहते, त्यावर गोळ्या आहेत, त्या तुम्हाला चालतील. हाडं ठिसूळ होतात, त्यासाठी चालायचं, तपासत राहायचं. नवराबायकोच्या जवळिकीत कोरडेपणा येतो, त्यालाही उपाय आहे. विश्वजीत या वाक्याला खिडकीबाहेर बघायला लागला आणि गोजरबाई म्हणाल्या, “बघा की जावईबापू इकडं, तुमच्याच कामाचं सांगायल्यात,” तेव्हा तो लाजून वळला. स्तनांची काळजी वेगळी घ्यावी लागेल, तेही सांगितलं. आणि शेवटी ती थांबली. ते वाक्य जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं आणि विचारलं, “तुम्हाला काय हवंय, श्रेया?”

खोलीत पंखा फिरत होता. श्रेयानं नमुना टेबलावर ठेवला, अंडाशयाच्या त्या बदामावरून एकदा बोट फिरवलं.

“मला अजून एक लेकरू पाहिजे,” ती म्हणाली.

बोलून झाल्यावर तीच दचकली. तिचा हात आपसूक तोंडाकडे गेला, जसा हसताना गेला होता. पण या खेपेला तो मधेच थांबला आणि मांडीवर परत आला. विश्वजीत तिच्याकडे बघत राहिला. मनस्विनीच्या मनात आलं, आता हा म्हणेल, वेडी का तू, जिवापेक्षा मोठं काही आहे का. आणि तसं म्हणाला असता तरी त्याचं चुकलं नसतं. सासूला उचलून गाडीत घालणारा तोच होता, शेवटच्या दिवसांत तिचं पोट पाण्यानं फुगायचं ते त्यानं पाहिलं होतं. “काढून टाका” असं तो कुणावर हुकूम म्हणून बोलला नव्हता. बाबांचा चेहरा पुन्हा तिच्यासमोर आला आणि ती थांबली.

“मला बी पाहिजे,” विश्वजीत म्हणाला.  “म्हणलं, तुझ्या जिवाचा सवाल, आन् मी हे काय मनात घेऊन बसलोय. म्हणून बोललोच नाय.”

“दोन वर्षं झाली, मी तरी कुठं बोलले?”

“नाय. म्हणून तर.”

गोजरबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि भाचीच्या पाठीवर एक धपका घातला, चांगला जोरात.

मग बोलणं लांबलं. बाहेरच्या बायका दोनदा डोकावून गेल्या. मनस्विनीनं काही लपवलं नाही. या वयाला थोडं थांबता येतं, पण थांबणं म्हणजे फुकटचं नव्हे. त्या काळात आजार होणारच नाही असं मी सांगू शकत नाही, शक्यता कमी आहे एवढंच सांगू शकते. आणि पुन्हा सांगते, तपासण्यांवर विसंबता येत नाही. आणखी एक. तुमच्यातला दोष लेकरात उतरायची शक्यता निम्मी आहे. मोठ्या मुलीतही, सईतही, निम्मी. ती मोठी झाली की तिची ती ठरवेल, तपासायचं की नाही. गर्भ आधी तपासून मग रुजवायची सोय मोठ्या शहरांत आहे, हवी तर पत्ता देते. इथं श्रेयाचा चेहरा पडला. ती बराच वेळ आपल्या हातांकडे बघत होती. दिवसभर सील चाचपून बोटांची टोकं काळपट झाली होती. संशयाचा नग बाजूला ठेवायचा, हे तिचं रोजचं काम.

“माज्या आईत बी हाच दोष होता ना म्याडम?” तिनं विचारलं.

मनस्विनी हो म्हणाली.

“तिनं असा इचार केला असता तर मी झालेच नसते.” ती म्हणाली. “आन् मला तर लई बरं वाटतंय झाले म्हणून.”

 श्रेयाचं ठरलं, आणि ते ठरताना मनस्विनीनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं. एखादं माणूस अवघडून बसलेलं असतं आणि मग नुसती मांडी बदलतं, तेवढंच झालं. आधी लेकरू, मग ऑपरेशन. संध्याकाळी गाडी चालवताना मनस्विनीच्या ध्यानात आलं की आपण गुणगुणतोय. क्रांती चौकात एका रिक्षावाल्यानं तिच्या गाडीला रिक्षा आडवी घातली आणि तिनं त्याला हात दाखवून पुढं जाऊ दिलं.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. पुढच्या वर्षी श्रेयाला दिवस गेले आणि मुलगी झाली, नाकाडोळ्यांनी थेट भागूबाई, असं गोजरबाईंचं म्हणणं. मनस्विनीनं तिला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा ती इतक्या त्वेषानं रडली की नर्स म्हणाली, हिला आईच्या कारखान्यात सुपरवायझर करा. दूध सुटेपर्यंत श्रेया तपासणीला येत राहिली. प्रत्येक खेपेला सोनोग्राफीचा दांडा पोटावरून फिरवताना मनस्विनीचा श्वास थोडा आखडायचा, आणि पडद्यावर सगळं ठीक दिसलं तरी ते आखडणं पूर्ण सुटायचं नाही. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. घाई करा म्हणून सांगायचा मोह तिला किती वेळा झाला, आणि दर वेळी तिनं माहिती तेवढी सांगितली, भीती घातली नाही. ही कसरत तिला कुणी शिकवली नव्हती. एखाद्या सकाळी तिला वाटे, आपण भल्या बाईच्या मर्जीचा मान राखला; दुपारी वाटे, हिच्या जिवाशी आपण खेळतोय. पण खोलीतलं बोलणं आता बदललं होतं. कुठल्याही बाईला आता ती आधी विचारायची, तुम्हाला काय समजलं ते सांगा, आणि बायका सांगायच्या, चुकायच्या, पुन्हा सांगायच्या. एकीनं ऑपरेशन नको म्हणून सांगितलं आणि पेढे ठेवून गेली. एकीनं पाहिजे म्हणून सांगितलं आणि नवऱ्याला बाहेर उभं केलं. वेळ फार जायचा. बाहेरचा बाक कुरकुरायचा. मनस्विनीला त्या खोलीत आता करमायचं.

श्रेया स्वतःहून आली ती अठरा सालच्या शेवटाला. पावसानं पुन्हा दगा दिला होता, डोंगरावरचं गवत दिवाळीतच पिवळं पडलं होतं. “आता करून टाकू म्याडम,” ती म्हणाली, “धाकटी वरण-भात खायली.” ऑपरेशन सरळ झालं. पोटावरच्या तीन लहान छिद्रांतून मनस्विनीनं दोन्ही अंडाशयं, दोन्ही नळ्या काढल्या. डोळ्यांना ती निरोगी दिसत होती, गुलाबी-पांढरी, तुळतुळीत. पण डोळ्यांना न दिसणारं काहीतरी आत दडून बसलेलं असू शकतं, हे ती जाणून होती, आणि श्रेयाही जाणून होती, कारण तिला ते सांगितलेलं होतं. तुकडे तपासायला गेले.

अहवाल यायचा होता ते दिवस मनस्विनीनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. दिसलं काही तर? तर श्रेया म्हणेल का, म्याडम, तुम्ही मला ढकललं का नाही? की म्हणणार नाही, आणि ते न म्हणणंच जड जाईल? वाढप करताना, गॅलरीतली मधुमालती बघताना, पेशंटचं पोट चाचपताना ते अडीच वर्षांचं थांबणं तिच्यासमोर येऊन बसे. भानुमतीबाईंनी एकदा विचारलं, काय झालंय तुला. तिनं सांगितलं. त्या म्हणाल्या, “तिला विचारून केलंस ना? मग आता तिच्याबरोबर थांब. एकटी कशाला थांबतेस?” मनस्विनीनं श्रेयाला फोन केला आणि स्वच्छ सांगितलं की मला धाकधूक होतेय. पलीकडून श्रेया म्हणाली, मला बी होतीय. आन् तुमाला बी होतीय म्हणल्यावर जरा कमी झाली.

अहवाल भर ओपीडीत आला. मनस्विनीनं तो वाचला, पुन्हा सुरुवातीपासून वाचला, पॅथॉलॉजिस्टला फोन करून तोंडी विचारून घेतला. काहीही नव्हतं. कुठंही काही नव्हतं. समोरच्या पेशंटला तिनं दोन मिनिटं बाहेर बसायला सांगितलं आणि बजाजनगरला फोन लावला.

श्रेयानं तो लगेच उचलला. मागं पुष्कळ गलका होता. मनस्विनीनं सांगितलं, सगळं साफ आहे, श्रेया, काही निघालं नाही. पलीकडे क्षणभर नुसता गलका राहिला.

“बरं झालं,” श्रेया म्हणाली. आवाज पार बारीक झाला होता. मग तिनं एक मोठा श्वास घेतला तो इकडे ऐकू आला. “लई बरं झालं म्याडम. थांबा हं, फोन ठेवू नका, टँकर आलाय.”

फोन कुठल्यातरी ओट्यावर ठेवल्याचा टक्‌ असा आवाज झाला. मनस्विनी कान लावून उभी राहिली. पत्र्याच्या पिंपात पाइपातलं पाणी धबाधबा पडत होतं, आणि पिंप भरत जाईल तसा त्याचा सूर चढत होता. कुणीतरी बाई आपला नंबर आधी होता म्हणून भांडत होती. भाचीकडे राहायला आलेल्या गोजरबाई तिला समजावता समजावता स्वतःच भांडणात उतरल्या होत्या. सई मोठ्यानं विचारत होती, आई, काय म्हणाल्या, आई, सांग ना. आणि विश्वजीत, पाइप धर आधी, पाइप धर, असं ओरडत असतानाच त्याचा आवाज फाटला आणि तो हसतोय की रडतोय ते कळेना. मग कुणीतरी धाकटीला पाण्याजवळ जाऊ दिलं असावं, कारण पाण्यावर थापटी मारल्याचा चपाक्‌ असा आवाज झाला, अंगावर पाणी उडाल्यावर लेकरू करतं तशी एक लांबलचक किंकाळी आली, आणि मागोमाग सगळ्यांचं एकदम हसणं.

दारातून नर्सनं डोकावून पुढच्या बाईला पाठवू का विचारलं. मनस्विनीनं फोन कानाशी तसाच धरला आणि हातानं खूण केली, थांब.